‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ : गृहोपयोगी वस्तूंची जलरंगचित्रे आणि वर्णनाचा प्रश्न

१

एखाद्या वस्तूचे यथातथ्य चित्र काढणे आणि एखाद्या बोलीचे यथातथ्य वर्णन करणे, ही दोन कामे दिसावयास फार भिन्न आहेत. परंतु त्यांच्या पोटात असलेल्या अडचणी पुष्कळशा सारख्याच आहेत. दोहोंतही वर्णन करणाऱ्याने स्वतःला मागे ठेवावे अशी अपेक्षा असते. दोहोंतही काय टिपावयाचे व काय सोडावयाचे याचा निर्णय त्याला पदोपदी करावा लागतो, आणि हा निर्णय तो करीत असूनही त्याने तो केलाच नाही असा आभास वर्णनातून निर्माण होतो. या दृष्टीने पाहता, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३५ ते १९४२ या काळात तयार झालेला ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ हा जलरंगचित्रांचा प्रचंड संग्रह केवळ कलेतिहासाच्याच नव्हे, तर वर्णनशास्त्राच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावणारा आहे.

या संग्रहात अठरा हजारांहून अधिक चित्रे आहेत. त्यांचे विषय म्हणजे घरातील व घराभोवतालच्या नित्याच्या वस्तू : पलंगपोस व ठिगळांच्या रजया, मातीच्या बरण्या, लोण्याचे साचे, खुर्च्या, पेट्या, बाहुल्या, कुलुपे, बिजागऱ्या, छपरावरील वातदर्शक, जहाजाच्या नाळेवरील लाकडी मूर्ती, दुकानापुढील पाट्या. १९४३ मध्ये हा संग्रह वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट या संस्थेकडे आला व तेथेच आहे. आज त्यातील चित्रे त्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. तथापि पाहणे सुलभ झाले म्हणून मूल्यमापन झाले असे होत नाही. ही चित्रे कला होत की केवळ नोंद, आणि नोंद असतील तर ती कशाची, हा मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

२

प्रथम या उपक्रमाची पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे इष्ट होईल. १९३५ साली, महामंदीच्या ऐन कडाक्यात, अमेरिकन शासनाने बेकारांना काम देण्यासाठी ‘वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन’ हे खाते उभारले आणि त्याच्या अंतर्गत चित्रकारांसाठी ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. त्याच सुमारास न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या चित्रविभागाच्या प्रमुख रोमाना जाविट्झ आणि वस्त्रकलाकार रूथ रीव्ह्ज यांनी एक कल्पना मांडली. ग्रंथालयात येणाऱ्या अभिकल्पकांना युरोपातील जुन्या आकृतिबंधांचे ग्रंथ मिळत. स्वदेशातील आकृतिबंधांचा मात्र एकही सचित्र संग्रह उपलब्ध नव्हता. ही उणीव बेकार चित्रकारांच्या हातून भरून काढावी, अशी ती कल्पना होती. प्रोजेक्टचे संचालक होल्गर केहिल यांनी ती उचलून धरली. ‘सामान्य माणसाची कला’ ही भूमिका घेऊन १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट येथे अमेरिकन लोककलेचे प्रदर्शन भरविणारे केहिल या कामास अनुकूल असावेत, हे स्वाभाविकच होते. तीसहून अधिक राज्यांत शेकडो चित्रकार या कामावर नेमले गेले.

या उपक्रमास तात्त्विक बैठक देण्याचे कार्य कॉन्स्टन्स रूर्क या विदुषीने केले. ‘अमेरिकन ह्यूमर’ या १९३१ च्या ग्रंथामुळे त्या प्रसिद्ध झाल्या होत्या आणि इंडेक्सच्या संपादनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. संस्कृतीचा पाया उच्चवर्गाच्या निर्मितीत नसून लोकांच्या नित्याच्या व्यवहारात असतो, हा हर्डरपासून चालत आलेला विचार त्यांनी अमेरिकेस लावून पाहिला. ज्या देशाला स्वतःची कलापरंपरा नाही असे त्याचेच सुशिक्षित लोक मानीत होते, त्या देशाची परंपरा ग्रंथांत किंवा चित्रशाळांत न शोधता शिवणटिपणात, सुतारकामात व कुंभारकामात शोधावी, असा त्याचा इत्यर्थ. भाषेच्या अभ्यासकास यात ओळखीचे पुष्कळ आढळेल. प्रमाणभाषेकडून बोलीकडे आणि ग्रंथाकडून वाणीकडे वळण्याची जी प्रेरणा एकोणिसाव्या शतकातील भाषाभ्यासात दिसते, तीच येथे वस्तूंच्या क्षेत्रात अवतरलेली आहे.

३

एवढ्या मोठ्या संख्येने, इतक्या ठिकाणी, निरनिराळ्या हातांनी काढलेली चित्रे एकाच कुळातील वाटावीत, यासाठी पद्धतीची एकवाक्यता आवश्यक होती. ती बोस्टनमधून आली, आणि तिचे मूळ अनपेक्षित ठिकाणी आहे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील सुझान चॅपमन यांना ईजिप्तमधील उत्खननांत सापडलेल्या वस्तूंची जलरंगांत नोंद करण्याचे शिक्षण मिळालेले होते. फॅरोंच्या थडग्यांतील वस्तू टिपण्यासाठी सिद्ध झालेले हे तंत्र त्यांनी इंडेक्सच्या चित्रकारांना शिकविले. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकरी घरातील बरणी ही राजाच्या समाधीतील कलशाइतक्याच काळजीने टिपली जावी, असा एक मूल्यनिर्णय या तंत्राच्या स्वीकारात आपोआपच अंतर्भूत झाला. तो शब्दांत कोठे मांडलेला नसेल. परंतु प्रत्येक कागदावर तो उमटलेला आहे.

तंत्राचा सारांश असा. वस्तू समोर ठेवून तिचे मोजमाप घ्यावयाचे व पेन्सिलीने अचूक बाह्यरेषा काढावयाची. नंतर रंगाचे पातळ, पारदर्शक हात एकावर एक देत पृष्ठभागाची घडण उभी करावयाची. जेथे प्रकाश पडतो तेथे पांढरा रंग न वापरता कागदाचाच पांढरेपणा राखावयाचा. प्रकाश ठरावीक दिशेने येतो असे धरावयाचे. पार्श्वभूमी रिकामी ठेवावयाची. फार तर वस्तूला टेकू म्हणून एक हलकी छाया. चित्रकाराने स्वतःची शैली दाखवू नये, वस्तूत सुधारणा करू नये, तुटलेले जोडू नये. प्रत्येक चित्रासोबत एक माहितीपत्रक असे. त्यात वस्तूचे नाव, माप, द्रव्य, अंदाजे काळ, आणि ज्ञात असल्यास कर्त्याचे व मालकाचे नाव यांची नोंद केली जाई.

छायाचित्र का घेतले नाही, हा प्रश्न येथे सहजच उपस्थित होतो. त्याचे व्यावहारिक उत्तर असे की, रंगीत छायाचित्रण त्या वेळी बाल्यावस्थेत होते. कोडाक्रोम फिल्म १९३५ मध्येच बाजारात आली होती. रंगीत छपाई महाग होती आणि रंगांच्या टिकाऊपणाचा भरवसा नव्हता. शिवाय चित्रकारांना काम देणे हा तर योजनेचा मूळ हेतूच होता. परंतु व्यावहारिक उत्तराने तात्त्विक प्रश्न मिटत नाही. रंगीत छायाचित्रण स्वस्त, अचूक व सर्वत्र उपलब्ध झाल्यानंतर या चित्रांचे प्रयोजन संपले काय? संपले नसेल, तर या चित्रांत असे काय आहे की जे छायाचित्रात येत नाही? याचे उत्तर प्रत्यक्ष चित्रांतूनच शोधले पाहिजे.

४

ल्युसिल शॅबो यांनी १९३९ मध्ये काढलेले गेब्रिएल या देवदूताच्या वातदर्शकाचे चित्र हे या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणता येईल. मूळ वस्तू मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट येथील चर्चच्या शिखरावर १८४० मध्ये बसविलेली. देवदूत आडवा, वाऱ्यात झेपावलेला, ओठांशी लांब तुतारी. धातूच्या पत्र्यावर सोन्याचा मुलामा. शॅबो यांचे चित्र पाहताना प्रथम लक्षात येतो तो आकार नव्हे, तर पृष्ठभाग. उन्हापावसाने मुलामा कोठे उडाला, कोठे काळवंडला, कोठे तग धरून राहिला, याचा हिशेब त्यांनी बोटाबोटाने दिलेला आहे. आकृतीचे चैतन्य आणि पत्र्याची झीज या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या जातात. दुसऱ्या शब्दांत म्हणावयाचे तर वस्तूचे रूप व तिचे आयुष्य यांची नोंद एकत्र होते.

या चित्राची पुढची हकिकत बोधप्रद आहे. १९६५ मध्ये अमेरिकन टपालखात्याने नाताळचे पाच सेंटांचे तिकीट म्हणून याच चित्राचा उपयोग केला. तिकिटाच्या आकारात झीज दिसणे शक्य नव्हते. राहिली ती केवळ आकृती. एका विशिष्ट चर्चवरील एका विशिष्ट पत्र्याचे वर्णन लोप पावले आणि त्याच्या जागी नाताळचा एक सर्वसाधारण संकेत आला. विशेषनामाचे सामान्यनाम व्हावे, तसा हा प्रकार होय. चित्र तेच, पण ज्या गोष्टीसाठी ते काढले गेले, तीच गोष्ट प्रसिद्धीच्या वाटेवर गळून पडली.

दुसरे उदाहरण मॅग्नस फॉसम यांचे. फेब्रुवारी १९४० मध्ये फ्लोरिडातील कोरल गेबल्स येथे हे चित्रकार ‘बॉस्टन टाउन’ नमुन्याच्या पलंगपोसाची नक्कल करीत असतानाचे छायाचित्र उपलब्ध आहे. विणलेल्या वस्त्राचे चित्र हे या तंत्राच्या कसोटीचे स्थळ होय. बरणीचा पृष्ठभाग सलग असतो. वस्त्राचा पृष्ठभाग हजारो सुट्या गाठींचा बनलेला असतो. फॉसम यांनी विणीचा पोत रंगातून असा उभा केला आहे की, प्रथमदर्शनी कागद हा कापडच वाटतो. येथे चित्रकाराचा कुंचला विणकराच्या धोट्याच्याच मार्गाने गेलेला आहे. नमुना केवळ डोळ्यांनी पाहून काढला, तर तो फुलापानांचा आराखडा होतो. विणीच्या क्रमाने काढला, तर तो नमुना कसा निर्माण झाला याचे ज्ञान चित्रात उतरते. भाषेच्या वर्णनातही हाच भेद आहे. ऐकलेल्या वाक्यांची यादी निराळी, आणि ती वाक्ये ज्या रचनेतून निघतात तिचा बोध निराळा.

छायाचित्राशी असलेला भेद येथे स्पष्ट होतो. छायाचित्र एका क्षणी वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश टिपते. त्यात महत्त्वाचे व बिनमहत्त्वाचे सारखेच येते. इंडेक्सचा चित्रकार मात्र एकेका वस्तूपुढे दिवसचे दिवस बसत असे. वस्तूची कड कोठे संपते, हा ओरखडा कारागिराच्या हत्याराचा की नंतरच्या वापराचा, हा डाग झिलईचा दोष की धूळ, हे ठरविल्यावाचून त्याला कुंचला टेकविता येत नव्हता. म्हणजे त्याचे प्रत्येक चित्र हे अनेक लहान निर्णयांची बेरीज आहे. अशा निर्णयालाच टीका म्हणतात. चित्रकाराने स्वतःची शैली गाळावी हा नियम त्याने पाळला तरी त्याची समज गाळली जात नाही. किंबहुना शैली गळल्यामुळे ती समज अधिक स्वच्छ दिसते. या अर्थाने ही चित्रे निव्वळ नक्कल नव्हेत.

येथे ‘नक्कल’ या शब्दाबाबत थोडी सावधगिरी हवी. मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या प्रतिकृती केल्या, त्या चित्रावरून केलेले चित्र होत. त्यांपैकी पुष्कळशा लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे १८८५ मधील आगीत नष्ट झाल्या. मूळ चित्र द्विमितीय, प्रतिकृतीही द्विमितीय; तेथे प्रश्न निष्ठेचा. इंडेक्समध्ये मात्र हाताळावयाची, वजन असलेली, आतून पोकळ अशी वस्तू सपाट कागदावर आणावयाची असते. हे भाषांतर आहे. आणि कोणत्याही भाषांतरात मूळचे काहीतरी मागे राहतेच.

५

काय मागे राहिले, हे पाहण्यासाठी या संग्रहातील दोन टोकांची उदाहरणे घेणे उपयुक्त ठरेल.

एक टोक म्हणजे शेकर पंथीयांच्या वस्तूंची चित्रे. साधेपणा हा धर्माचाच भाग मानणाऱ्या या पंथाने आपल्या खुर्च्यांवर, पेट्यांवर, कपाटांवर वेलबुट्टी केली नाही. ज्या संग्रहाचा विषयच अलंकृत वस्तू, त्यात या निरलंकार वस्तूंना मानाचे स्थान मिळाले ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पाणिनीय व्याकरणात प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य चालू राहते असे मानले आहे, आणि आधुनिक भाषाविज्ञानात शून्य रूपिका ही संज्ञा आहे. जेथे काहीच दिसत नाही, तेथेही काहीतरी सांगितले जात असते, पण ते केवळ शेजारच्या भरलेल्या जागेच्या तुलनेत. शेकर खुर्चीवर नक्षी नसणे हे नक्षीच्या पद्धतीतीलच एक स्थान आहे. पेनसिल्व्हेनियातील जर्मन शेतकऱ्यांच्या फुलापाखरांनी भरलेल्या पेटीशेजारी शेकर पेटीचे चित्र ठेवले म्हणजे हे ध्यानात येते. एकटे पाहिले तर ती केवळ एक पेटी असते. इंडेक्सचे सामर्थ्य एकेका चित्रापेक्षा अशा शेजारात अधिक आहे. एका सुट्या शब्दावरून भाषा कळत नाही. अठरा हजार नोंदींची रास मात्र पद्धतीचे दर्शन घडवू शकते.

दुसरे टोक पर्किन्स हार्नली यांचे. त्यांनी सुट्या वस्तू न काढता एकोणिसाव्या शतकातील सबंध खोल्या काढल्या : पडदे, झालरी, दिवे, फुलदाण्या, भिंतीवरील कागद, सारे एकमेकांवर दाटलेले. या खोल्या कोठे जशाच्या तशा अस्तित्वात नव्हत्या. चित्रकाराने त्या माहितीच्या व कल्पनेच्या आधारे रचल्या. नियमाच्या दृष्टीने पाहता ही चित्रे अपवादात्मक, काहीशी नाटकीच. परंतु इतर चित्रांनी जे सोडून दिले ते यांनीच दाखविले. वस्तू इतर वस्तूंच्या सहवासात राहते, तिचा अर्थ तिच्या स्थानावरून ठरतो, हे हार्नली यांच्या खोल्या सांगतात. रिकाम्या पांढऱ्या कागदावरील बरणी हा शब्द आहे; हार्नलींची खोली हे वाक्य आहे. शब्द अस्सल, पण सुटा. वाक्य जुळलेले, पण रचलेले. अस्सल वाक्य मात्र या संग्रहात फारसे आढळत नाही. बरणी फडताळात कोणत्या फळीवर असे, ती कोण उतरवी, तिच्यात काय मुरत असे, यांची उत्तरे पांढरा कागद देत नाही.

हा दोष टाळता येण्याजोगा होता की नाही, हे ठरविण्यासाठी त्याच काळातील एका भाषावैज्ञानिक कार्याकडे पाहणे उद्बोधक होईल. ‘शब्द आणि वस्तू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन-ऑस्ट्रियन परंपरेतून कार्ल याबेर्ग व याकोब युड यांनी इटली व दक्षिण स्वित्झर्लंड यांचा भाषिक व वस्तुविषयक नकाशासंग्रह १९२८ ते १९४० या काळात प्रसिद्ध केला. त्यांचे क्षेत्रकार्यकर्ते पाउल शॉयरमायर यांनी खेड्यापाड्यांतील अवजारे व भांडी यांची नोंद करून १९४३ व १९५६ मध्ये शेतकऱ्यांच्या कामकाजावर दोन खंड काढले. त्यांसाठी पाउल बोश यांनी रेखाटने केली. त्या रेखाटनांत रंग नाहीत, झीज नाही, सोन्याचा मुलामा नाही. परंतु नांगराच्या वा चरख्याच्या प्रत्येक अवयवाला त्या गावी काय म्हणतात, तो अवयव काय काम करतो आणि तो हातात कसा धरतात, हे तेथे कळते. इंडेक्सच्या माहितीपत्रकाचा भर मात्र वस्तूची ओळख पटविण्यावर होता; घरातील माणसे तिला व तिच्या भागांना काय म्हणत, हे जाणणे हा त्याचा हेतूच नव्हता. एका संग्रहाने वस्तूचा देह जपला, दुसऱ्याने तिचे नाव व कार्य. दोन्ही एकत्र आले असते तर वर्णन पूर्णत्वाच्या जवळ गेले असते.

६

यापेक्षा गंभीर आक्षेप निवडीसंबंधी आहे. सूचीच्या नावात ‘अमेरिकन’ हे विशेषण आहे, आणि सर्व वाद त्या विशेषणात आहे. मुख्यतः युरोपातून आलेल्या वसाहतकारांच्या व त्यांच्या वंशजांच्या, वसाहतकाळापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या वस्तू निवडल्या गेल्या. न्यू मेक्सिकोतील स्पॅनिश परंपरेच्या लाकडी संतमूर्तींना त्यात स्थान मिळाले. मूळच्या अमेरिकन आदिवासींच्या कलावस्तूंना मात्र वगळण्यात आले. त्यांची नोंद मानववंशशास्त्रज्ञ करीतच आहेत, असे कारण त्यामागे होते. कारण प्रशासकीय वाटते, पण त्याचा अर्थ दूरगामी आहे. वसाहतकाराची टोपली ही आकृतिबंध ठरली आणि आदिवासीची टोपली ही मानववंशशास्त्राची सामग्री ठरली. एकीला कलेच्या खणात जागा, दुसरीला जातिवर्णनाच्या.

या विसंगतीचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द संग्रहातच आहे. तंबाखूच्या दुकानांपुढे उभ्या करण्याच्या लाकडी ‘इंडियन’ मूर्तींची चित्रे त्यात मोठ्या संख्येने आहेत. डोक्यावर पिसांचा मुकुट आणि हातात विड्यांचा जुडगा घेतलेल्या या मूर्ती गोऱ्या कारागिरांनी दुकानदारांसाठी कोरल्या. म्हणजे आदिवासी या सूचीत आला तो जाहिरातीचा विषय म्हणून. कर्ता म्हणून नव्हे. त्याचे चित्र आहे, त्याचे काम नाही. गुलामगिरीत राबलेल्या कृष्णवर्णीय कारागिरांच्या कामाचीही स्वतंत्र परंपरा म्हणून मांडणी झाली नाही. लोकांच्या कलेचा पुरस्कार करणाऱ्या उपक्रमाने ‘लोक’ या शब्दाची व्याप्ती किती ठेवली, याचा हा हिशेब आहे. चित्रकारांनी ओरखडा न ओरखडा टिपला. परंतु वगळण्याचा निर्णय त्यांच्या टेबलावर वस्तू येण्यापूर्वीच झालेला होता. वर्णनाची अचूकता निवडीच्या अन्यायाची भरपाई करू शकत नाही. बोलीच्या सर्वेक्षणात कोणाला भाषक मानावयाचे हे आधीच चुकले, तर ध्वनिलेखन कितीही सूक्ष्म असून उपयोग नाही, तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट कर्तृत्वाची. बहुसंख्य चित्रांवर चित्रकाराचे नाव आहे. वस्तूच्या कर्त्याचे नाव बहुधा नाही, कारण ते कोणास ज्ञातच नाही. अनाम कारागिराची वस्तू आणि बेकारीमुळे आपली शैली बाजूला ठेवून तिची नोंद करणारा चित्रकार, यांची ही गाठ आहे. त्या चित्रकारांपैकी कित्येकांचे नाव आज केवळ या संग्रहामुळे उरले आहे. हा विपर्यास खराच. पण त्यात एक न्यायही आहे. ज्यांना त्या काळी कोणी गिऱ्हाईक नव्हते अशा दोन पिढ्यांतील कामकऱ्यांना एका कागदाने एकत्र आणले.

७

सूचीचा मूळ हेतू सफल झाला काय? ती अभिकल्पकांच्या, शाळांच्या व सामान्य वाचकांच्या हाती रंगीत संचांच्या रूपाने पडावी, अशी योजना होती. युद्धाने ती मोडली आणि १९४२ मध्ये काम थांबले. १९५० मध्ये अर्विन क्रिस्टेन्सन यांनी निवडक चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७२ मध्ये क्लॅरेन्स हॉर्नंग यांचा मोठा संग्रह आला. २००२ मध्ये नॅशनल गॅलरीने या चित्रांचे प्रदर्शन भरवून त्यांची आधुनिक कलेशी असलेली नाती तपासली. म्हणजे उद्योगाची सामग्री म्हणून जन्मलेली सूची अखेर कलेतिहासाचे प्रकरण झाली. ज्या गृहिणीसाठी वा कारखानदारासाठी ती होती, त्यांच्यापर्यंत ती अंशतःच गेली.

या इतिहासातील एक धागा भारताशी जुळतो, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. सूचीच्या कल्पनेच्या जनक रूथ रीव्ह्ज या १९५६ मध्ये शिष्यवृत्तीवर भारतात आल्या, येथील हस्तव्यवसायांच्या अभ्यासात रमल्या आणि १९६६ मध्ये दिल्लीतच निवर्तल्या. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ भारतातील धातूच्या ओतकामासंबंधी आहे. मेणाचा नमुना करावयाचा, त्यावर मातीचे लेप द्यावयाचे, मेण वितळवून काढावयाचे व त्या पोकळीत धातू ओतावयाचा. जुन्या ग्रंथांत मधूच्छिष्टविधान या नावाने ओळखली जाणारी ही कृती तो विस्ताराने सांगतो. इंडेक्सने तयार वस्तूचा पृष्ठभाग टिपला होता. येथे लक्ष गेले ते वस्तू घडण्याच्या क्रमाकडे आणि घडविणाऱ्या हातांकडे. या दोन कामांमध्ये सुमारे पंचवीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्यात जे नव्हते, ते दुसऱ्यात आहे. यावरून रीव्ह्ज यांच्या मनाचा प्रवास ठरविणे धाडसाचे होईल; परंतु दोन कृती शेजारी ठेवल्या असता पहिलीची मर्यादा अधिक ठळक होते, हे निश्चित.

महाराष्ट्रापुरता विचार करावयाचा तर वस्तुसंग्रहाच्या दृष्टीने येथे मोठे काम झाले आहे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी जमविलेला पुण्याचा राजा केळकर वस्तुसंग्रह हा अडकित्ते, दिवे, करंडे, फणेरपेट्या अशा घरगुती वस्तूंचाच आहे. शब्दसंग्रहाच्या दृष्टीने मोल्सवर्थपासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंतची परंपरा आहे, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात गावकामगारांचे व्यवहार नोंदलेले आहेत. परंतु कोशात शब्द भेटतो तेव्हा वस्तू डोळ्यांपुढे नसते; ‘एक प्रकारचे भांडे’ एवढ्या अर्थावर वाचकाला थांबावे लागते. संग्रहालयात वस्तू भेटते, पण तिच्या कोणत्या भागाला काय म्हणत हे काचेबाहेरून कळत नाही. रोवळी, शिंके, उखळ, वैल हे शब्द ज्यांच्या तोंडी नित्य होते ती पिढी मावळत आहे. आणि अवयवांची नावे तर वस्तूच्याही आधी जातात. जात्याच्या तळीला तळी व खुंट्याला खुंटा म्हणणारे माणूस जोवर भेटते, तोवरच त्या नावांचे चित्र काढता येते.

८

एकंदरीत पाहता ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ हे वर्णनाच्या सामर्थ्याचे व मर्यादेचे एकाच वेळी उत्तम उदाहरण आहे. सामर्थ्य हे की, नित्याच्या वापरामुळे डोळ्यांआड गेलेल्या वस्तूला त्याने पुन्हा पाहण्याजोगे केले, आणि ते कोणतीही भाषणबाजी न करता, केवळ बारकाईने. मर्यादा ही की, वस्तू वापरणाऱ्या माणसांपासून, त्यांच्या बोलण्यापासून व कृतीपासून त्याने तिला अलग केले, आणि कित्येक माणसांना तर दारातच थांबविले. पहिली गोष्ट चित्रकारांच्या श्रमाची व म्हणून आदरणीय. दुसरी योजनाकारांच्या निर्णयाची व म्हणून तपासणीस पात्र. या दोहोंची गल्लत करून एकतर संपूर्ण गौरव करणे किंवा संपूर्ण निषेध करणे, दोन्ही अयोग्य होय.

ज्यांना बोलीचे वा वस्तूचे वर्णन हाती घ्यावयाचे आहे, त्यांना या संग्रहातून मिळणारा धडा साधा आहे. पाहण्याची शिस्त बोस्टनच्या तंत्राकडून घ्यावी, नाव विचारण्याची शिस्त शॉयरमायर यांच्याकडून. आणि काम सुरू करण्यापूर्वी, कोणाच्या घरातील वस्तू टेबलावर येणार आहे व कोणाच्या घरातील येणार नाही, हे आधी लिहून काढावे.